सदतीस बाइट

चांगदेव घरत सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी सोसायटीच्या ऑफिसात यायचा. चपला दाराबाहेर भिंतीला लावून ठेवायचा आणि खुर्चीत बसण्याआधी, उभ्याउभ्याच, कॉम्प्युटरवर एक आज्ञा टाइप करायचा. ipcs -q. मधली मोकळी जागा धरून सात कळा. पडद्यावर तीन-चार ओळी यायच्या. त्यांतल्या शेवटच्या रकान्यात शून्य दिसलं की तो खुर्ची ओढायचा आणि म्हणायचा, "साहेब, रांग रिकामी." मी कामातून मान न काढता हं म्हणायचो.

मी या मच्छीमार सोसायटीचा मॅनेजर. बी.कॉम. होऊन इथे लागलो त्याला एकतीस वर्षं झाली. येत्या मार्चअखेर निवृत्त होतो आहे. चांगदेव गेल्या श्रावणात गेला. त्याच्याविषयी लिहायचं तर ते मीच लिहायला हवं. का, ते शेवटी येईल.

तो पेणकडच्या खारपट्ट्यातला. वडील मिठागरावर कामाला. भरतीचं पाणी आत घ्यायला आणि नको ते बाहेर सोडायला बांधात लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. वडिलांकडे त्या उघाडीचं काम होतं. "पाणी चाखल्याबिगर उघाडी उचलायची न्हाय," हा त्यांचा नियम. नऊ वर्षांचा असताना चांगदेवने एकदा न चाखता उघाडी उचलली आणि पंधरा दिवस उन्हात मुरलेलं पाणी खाडीत गेलं. वडिलांनी हात लावला नाही. संध्याकाळपर्यंत त्याला त्या रिकाम्या वाफ्याच्या काठावर उभा केला, एवढंच. ही गोष्ट तो हसत सांगायचा. निदान आधी तरी हसत सांगायचा.

मिठागर बंद पडल्यावर तो आमच्या बर्फाच्या कारखान्यात वायरमन म्हणून आला. समुद्रात कधी गेला नाही. होडीत पाय ठेवला की त्याला उलटी व्हायची, आणि कोळीवाड्यातल्या बायका त्यावरून त्याची टिंगल करायच्या. पण हाताला नेमका आणि डोक्याला शांत. म्हणून वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी त्याला कॉम्प्युटरसमोर बसवला.

ते सगळं काम खरं तर ओंकारचं. ओंकार आमच्या गावच्या गुरुजींचा मुलगा, इंजिनीअर होऊन पुण्याला असतो. त्याने आमच्या एकेचाळीस होड्यांसाठी तळहाताएवढं एक यंत्र तयार केलं. टाइप करण्याची भानगड नाही. आठ बटणं, आठ चित्रं, आणि प्रत्येकामागे एक तयार वाक्य. बर्फ संपला. परत येतो. उद्या सकाळी येतो. मशीन बंद, ओढायला या. अशी आठ. तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, बटण दाबलं की होडीचं नाव, वेळ आणि ते वाक्य इंग्रजी अक्षरांत आमच्या ऑफिसात यायचं. ते पोचलं की होडीवरच्या यंत्रात हिरवी खूण उमटायची.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दोन प्रोग्राम चालायचे. एक संदेश घेणारा, एक तो पडद्यावर दाखवून घंटा वाजवणारा. दोघांच्या मध्ये रांग. घेणारा रांगेत टाकतो, दाखवणारा रांगेतून उचलतो. मला हे पटकन कळेना तेव्हा चांगदेवने मला खिडकीतून खालचा लिलाव दाखवला. "साहेब, पाट्या कशा ओळीनं लावल्यात? बोली लावणारा जेवायला गेला तरी पाट्या जागच्या जागीच राहतात ना? तसंच. दोन्ही प्रोग्राम मेले तरी रांग मशीन सांभाळतं. आणि या आज्ञेनं आपल्याला पाट्या किती नि त्यांचं वजन किती तेवढं कळतं. आत मासळी कुठली ते नाही कळत."

दाखवणाऱ्या प्रोग्रामला एक खोड होती. महिन्या-दोन महिन्यांनी तो गप्प पडायचा, आणि पुन्हा सुरू करायला गेलं की जुनी रांग अजून आहे म्हणून अडून बसायचा. मग दुसऱ्या एका आज्ञेने ती रांग काढून टाकायची आणि दोन्ही प्रोग्राम नव्याने चालू करायचे. ओंकारने लाल शाईने लिहिलेला कागद पडद्याच्या कडेला चिकटवला होता. संदेशांचा आकडा शून्य असेल तरच रांग काढणे. शून्य नसेल तर मला फोन करणे, मी इथून वाचून देईन. चार वर्षांत तसं तीनदा झालं. तिन्ही वेळा चांगदेवने फोन केला आणि तिन्ही वेळा कुणाचा तरी बर्फ संपलेला निघाला.

नियमात भर माझीही होती. काहीही काढून टाकण्याआधी वहीत नोंद झाली पाहिजे. चांगदेवने त्यासाठी दोनशे पानी वही घातली. तारीख, वेळ, संदेश किती, बाइट किती, शेवटचा संदेश कधी आला, काय केलं. बिघडलेल्या यंत्रांचं रजिस्टर वेगळं. ती यंत्रं आमच्याकडे आणायच्या बायकाच. इथली रीतच तशी आहे, पाण्यावर असेल ते पुरुषाने बघायचं, किनाऱ्याला लागलं की बाईने. मासळीची पाटी डोक्यावरून बाजारात चालली की त्याच पाटीत यंत्र यायचं.

"सगुणाताई, यंत्राला पापलेटाचा वास येतोय," चांगदेव म्हणायचा.

"मग काय बोंबलाचा येऊ दे? तुला पापलेट परवडत न्हाय, वास तरी घे," सगुणा म्हणायची. तिच्या हसण्याने सगळं ऑफिस भरायचं. ती रामचंद्र तांडेलाची बायको. रामचंद्रची होडी 'गौराई', लहान, जवळची जाळी काढायला जाणारी. सगुणाचा थोरला भाऊ धाकू, त्याची 'जय खंडेराया'.

तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरातला मंगळवार होता. दुपारी चार वाजता दक्षिणेकडच्या एका सोसायटीचे पाच संचालक आमची ही व्यवस्था बघायला येणार होते. त्यांना ती आवडली तर आणखी गावं येतील, सरकारदरबारी आमचं नाव होईल, असं माझ्या मनात होतं. मी भजी सांगून ठेवली होती आणि पडद्यावर नवीन कापड फिरवून घेतलं होतं. पावणेचार वाजता चांगदेव माझ्या टेबलाशी आला.

"साहेब, पडदा अडकलाय. सव्वा वाजल्यापासून नवीन काही नाही."

"मग कर की चालू."

"रांगेत एक संदेश आहे. सदतीस बाइट. चार मिनिटांपूर्वी आलाय."

"काय म्हणतोय?"

"ते कसं दिसेल? ओंकारला फोन लावतो. लागला तर पाच मिनिटांचं काम."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. पाहुणे वेळेआधी आले होते.

"चांगदेव, माणसं जिना चढतायत. त्यांना काय काळा पडदा दाखवायचा? बर्फाचं असेल कुणाचं तरी. काढ आणि चालू कर."

त्याने लाल शाईच्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हाताने घाई केली. त्याने आधी वही उघडली, नोंद केली, पेनाचं टोपण लावलं आणि मग रांग काढली. अर्ध्या मिनिटात पडदा उजळला. पाहुणे आत आले, खूश झाले. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या तांडेलाने विचारलं, "मॅनेजर, असा कुणाचा मेसेज मधेच हरवतो का हो?"

"एकही नाही," मी म्हणालो.

चांगदेव भज्यांच्या बशा मांडत होता. त्याने मान वर केली नाही.

सहाच्या सुमाराला वारा फिरला. अंदाजात नव्हता एवढा. सातपर्यंत होड्या एकामागून एक आत आल्या. दोन आल्या नाहीत. धाकूची 'जय खंडेराया' खाली दिघीच्या खाडीत शिरल्याचा तिथल्या माणसाचा फोन आला. 'गौराई'चा काही पत्ता नव्हता. रामचंद्रचा खलाशी तापाने पडला होता म्हणून तो त्या दिवशी एकटाच गेला होता, जाळी काढून पाचपर्यंत येतो म्हणून.

सगुणा धक्क्यावरून ऑफिसात आली. पदर ओला, पाय वाळूचे. "आलाय काय त्याचा मेसेज?"

पडद्यावर गौराईचं काही नव्हतं. मी म्हणालो, "नाही."

"ताई," चांगदेव उठून उभा राहिला. "दुपारी एक आला होता. कुणाचा ते माहीत नाही. न वाचता पुसला. मी."

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. तो 'मी' म्हणून थांबला, आणि पुढे काही बोलला नाही. मीही बोललो नाही.

सगुणा त्याच्याकडे बघत राहिली. मग वळून पुन्हा धक्क्यावर गेली. त्या वाऱ्यात कुणाला बाहेर पडता येईना. पहाटे होड्या निघाल्या, मोठ्या बोटीही आल्या. तीन दिवस शोध चालला. चौथ्या दिवशी हरिहरेश्वरच्या खालच्या अंगाला खडकात बर्फाच्या पेटीचं झाकण सापडलं. त्यावर निळ्या रंगात 'गौराई' लिहिलेलं होतं. रामचंद्र सापडला नाही.

मग गाव चांगदेववर तुटून पडलं. त्याला 'पुसणारा' हे नाव पडलं. चहाच्या टपरीवर गेला की कुणीतरी म्हणायचं, "काय रे पुसणाऱ्या, आज किती पुसलेस?" आणि बाकीचे हसायचेही नाहीत. सर्वसाधारण सभेत त्याला उभा करून विचारलं. कागदावर फोन करा म्हणून लिहिलेलं असताना केला का नाहीस? तो म्हणाला, "चूक झाली." पाहुण्यांचा विषय निघाला नाही. मी सभेचं इतिवृत्त लिहीत होतो. तो जे बोलला ते मी शब्दशः लिहिलं. त्याचा राजीनामा आला तो संचालकांनी घेतला नाही, कारण ते मशीन दुसऱ्या कुणाला चालवता येत नव्हतं.

सगुणाने त्याला शिवी दिली नाही. ती दर दोन दिवसांनी ऑफिसच्या दारात यायची, आत यायची नाही, आणि एकच विचारायची. "त्याचाच व्हता काय रे?"

त्यामागे काय होतं ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. संदेश रामचंद्रचा असेल तर त्याने बटण दाबलं, हिरवी खूण बघितली आणि नांगर टाकून तो वाट बघत बसला. उजेड जायला अजून दोन तास होते. कापड हलवून त्याने दुसऱ्या कुणाला बोलावलं असतं, पण खूण उमटल्यावर कशाला बोलावेल? आणि त्याचा नसेल तर मग वाऱ्याने एकदम गाठलं, झालं ते झालं. दोन्हींत माणूस गेलाच होता. पण सगुणाला यातलं एक घेऊन जगायचं होतं आणि चांगदेवलाही.

चांगदेवने ते वहीतून काढायचं ठरवलं. मजकूर गेला होता, वजन राहिलं होतं. सदतीस बाइट म्हणजे सदतीस इंग्रजी अक्षरं, मोकळ्या जागा धरून. होडीचं नाव, स्वल्पविराम, वेळ, स्वल्पविराम, वाक्य. वेळ आणि दोन स्वल्पविराम मिळून नेहमीच सात. उरलं नाव आणि वाक्य. त्या दुपारी ज्या होड्या बाहेर होत्या त्यांची नावं एकाखाली एक लिहून तो प्रत्येकीची आठही वाक्यांशी बेरीज करत बसला. ओंकारलाही त्याने फोन करून पुसलेलं परत येईल का विचारलं. ओंकार म्हणाला, "नाही काका. आधी फोन केला असता तर दहा ओळींचा प्रोग्राम होता."

काही दिवसांनी त्याची बायको कमळ डबा घेऊन ऑफिसात आली. तो सकाळी विसरून आला होता म्हणे, पण मला दिसलं की तिला माझ्याशी बोलायचंय. तो बर्फाच्या कारखान्यात गेला होता.

"साहेब, हे जेवत न्हाईत. भाकरी पानात तशीच. बोटावर मोजतात. कुत्रा भुंकला तरी मोजतात. काल आंघोळीला गेले नि तासभर बाहेरच आले न्हाईत. मी दार वाजवून वाजवून... साहेब, तुम्ही त्यांना काहीतरी सांगा. तुमचा ऐकतात."

माझं ऐकतो, हे तिने इतक्या भाबडेपणाने म्हटलं की मला तिच्याकडे बघवेना. "बघतो," मी म्हणालो. मी काही केलं नाही. ती मात्र जाताना बाजाराच्या बाजूने वळली, जिथे सगुणा बसते. मला वाटलं, मासळी घ्यायला.

त्यानंतर आठवड्याने, सकाळी अकराच्या सुमाराला सगुणा धाकूला घेऊन आली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच ती उंबरा ओलांडून आत आली. धाकू टोपी हातात चुरगाळत उभा.

"मॅनेजर, याला काय सांगायचा हाय."

"बोल की," मी म्हणालो.

"तो... त्या मंगळवारचा मेसेज," धाकू म्हणाला. "माझा व्हता तो. मी दाबलेला."

चांगदेव वहीवर वाकलेला होता तसाच राहिला. मग मान न उचलता त्याने विचारलं, "कुठलं बटण?"

"येतो म्हणून."

"परत येतो, का उद्या सकाळी येतो?"

धाकूने सगुणाकडे पाहिलं. सगुणा चांगदेवकडे बघत होती. मला राहवेना. "अरे, एवढं काय त्यात आठवायला?" मी म्हणालो.

चांगदेवने बोटं मोजली. "जय खंडेराया चौदा. वेळेचे सात. उद्या सकाळी येतो, सोळा." तो थांबला. "सदतीस."

"व्हय, त्योच," धाकू घाईघाईने म्हणाला. "उद्या सकाळी. त्योच."

आणि तो खरोखर दुसऱ्या सकाळीच आला होता, दिघीहून. सगळं जुळत होतं. मी मोकळेपणाने हसलो. चांगदेवने मात्र सगुणाकडे पाहिलं, किती वेळ ते सांगता येणार नाही, पण मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त. तिने नजर हलवली नाही. मग त्याने पेन उचललं आणि वहीत एक ओळ लिहिली.

"झाली ना तुझी बेरीज?" सगुणा म्हणाली. "आता जेव." पाटीतून केळीच्या पानात बांधलेली बारीक कोळंबी काढून तिने टेबलावर ठेवली. "ही करंदी कमळला दे. आन तिला सांग, सगुणा आलती."

मी त्याच दुपारी संचालकांना कळवलं. इतिवृत्तात घेतलं. गावातही ते पसरलं आणि 'पुसणारा' हळूहळू मागे पडलं. मला झोप लागू लागली. पाहुणे, भजी, ते 'काढ आणि चालू कर' हे सगळं आता बोलण्याचं काही कारण उरलं नाही असं मी स्वतःला सांगितलं. बर्फ नव्हता, पण बर्फासारखंच काहीतरी निघालं होतं.

चांगदेव जेवू लागला. ओंकारकडून त्याने तो दहा ओळींचा प्रोग्राम शिकून घेतला आणि दाखवणाऱ्याची खोडही काढून घेतली. त्यानंतर आमच्याकडे एकही संदेश न वाचता गेला नाही. पण सकाळची आज्ञा टाइप केल्यावर "रांग रिकामी" असं तो पुन्हा कधी म्हणाला नाही. शून्य बघायचा, बसायचा. दुपारी साडेतीन ते पावणेचार तो कारखान्यात असला तरी ऑफिसात येऊन तीच आज्ञा पुन्हा एकदा टाइप करायचा. मला ती त्याची काळजी वाटायची. मी त्याच्या गोपनीय अहवालात 'अत्यंत दक्ष' असं लिहिलं. सगुणा यंत्र घेऊन आली तर दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलायची. वासाची थट्टा संपली होती. तो यंत्र दोन्ही हातांनी घ्यायचा.

गेल्या श्रावणात, एका दुपारी, कारखान्याच्या पायरीवर बसल्या जागी त्याचं हृदय थांबलं. चौपन्न वर्षांचा होता. सगुणा तेरा दिवस कमळकडे जाऊन बसत होती.

आता निवृत्तीच्या आधी मी सगळी कपाटं उघडून ताबा-यादी करतो आहे. प्रत्येक वही, तिची पानं, शेवटची नोंद. गेल्या महिन्यात यंत्रदुरुस्तीच्या रजिस्टरची पानं मोजताना एका नोंदीवर बोट थांबलं. त्याच ऑक्टोबरातला सोमवार, म्हणजे आदल्या दिवसाचा. होडी जय खंडेराया. दोष, चार्ज होत नाही. आणून देणार, सगुणा रामचंद्र. परत नेले, शुक्रवार. अक्षर चांगदेवचं. पानाच्या तळाशी महिनाअखेर तपासल्याची सही. ती माझी. रजिस्टरला रकाने आहेत का बघायचे आणि सही ठोकायची, एवढंच मी एकतीस वर्षं केलं असणार.

त्या मंगळवारी धाकूचं यंत्र माझ्या मागच्या कपाटात होतं. आणि धाकूची बायको गेल्यापासून त्याचं किनाऱ्यावरचं सगळं सगुणाच बघते. ते यंत्र तिने स्वतःच्या पाटीतून आणून चांगदेवच्या हातात दिलं होतं.

मी दुसरी वही काढली. बेरजांचं पान. यंत्र घेऊन बाहेर गेलेल्या आठ होड्या, निळ्या शाईत, प्रत्येकीपुढे आठ बेरजा. गौराईच्या ओळीत 'मशीन बंद, ओढायला या' खाली सदतीस, त्याभोवती काही खूण नाही. सहा, सात, चोवीस. तळाला लिहिलेलं, 'एकूण ६४ बेरजा. ३७ एकदाच.' त्याखाली काळ्या शाईत नववी ओळ, जय खंडेराया. ती लिहिल्यावर त्याने वरची चौसष्ट खोडून बाहत्तर केली नव्हती. 'एकदाच' तसंच ठेवलं होतं. स्वल्पविराम चुकला तरी पान पुन्हा लिहिणारा माणूस.

मी बाजारात गेलो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक पांगलेलं. सगुणा सुरमईचे तुकडे करत होती.

"या मॅनेजर. काय देऊ?"

"सगुणाताई, धाकूचं यंत्र त्या मंगळवारी ऑफिसात होतं. तुम्हीच आणून दिलेलं."

तिचा कोयता थांबला नाही. "आता वाचलात व्हय?"

"चांगदेवला ठाऊक होतं."

"त्यानीच तर लिवून घेतलेला माझ्या म्होरं. न ठाऊक व्हायला काय झाला?" तिने तुकडे एका बाजूला सारले. "कमळ आलती माझ्या दारात. काय बोलली न्हाय. पायरीवर बसली नि रडली. मी म्हटला, माझा गेला तो गेला. त्यानी कळवला व्हता ते मला पहिल्याच दिवशी कळला, मॅनेजर. तो न कळवता राहणारा न्हवता. पण कमळचा मानूस समोर व्हता, जिता."

"आणि चांगदेवने ते घेतलं."

"मी देत व्हते म्हनून घेतला. त्याला काय उतारा पडला न्हाय त्याचा. मला दिसायचा ना." तिने हात पाण्यात बुडवले. "उतारा तुम्हाला पडला, असा वाटायचा मला. तुम्ही लय लगेच हसलात त्या दिवशी."

मग मी सांगितलं. पाहुणे, जिना, भजी. त्याने फोन लावतो म्हटलं होतं, आणि मी काय म्हणालो ते. तीन वर्षांत पहिल्यांदा ते शब्द मी तोंडाने उच्चारले. बाजारात कुणी ऐकत नव्हतं. एक मांजर पाटीखाली बसलं होतं.

सगुणा ओले हात तसेच धरून बसली. "त्यानी कधी तुमचा नाव न्हाय काढला," ती म्हणाली. "कमळजवळ पन न्हाय." मग तिने विचारलं, "फोन लावला असता तर किती वेळ गेला असता?"

"पाच मिनिटं."

"पाच," ती म्हणाली. कोयता उचलून तिने पुढची सुरमई ओढली आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत हाक दिली, "ये गो बाय, काय पाहिजे तुला?" मागे एक बाई येऊन उभी राहिली होती. मी बाजूला झालो.

ऑफिसात येऊन मी वही पुन्हा उघडली. त्या मंगळवारच्या पानावर चांगदेवची नोंद आहे. १५.४७. संदेश १. बाइट ३७. शेवटचा आला १५.४१. पडदा बंद. रांग काढली. शेवटच्या शब्दांपुढे दोन बोटं जागा मोकळी आहे. इतर कुठल्याच नोंदीत त्याने अशी जागा सोडलेली नाही. तिथे मी लिहिलं, 'मॅनेजरच्या सांगण्यावरून', आजची तारीख घातली आणि सही केली. मग ताबा-यादीत ती वही चढवली आणि पानाचा आकडा शेजारी लिहिला, म्हणजे नवीन येणाऱ्याला शोधावं लागणार नाही.